तारका काही मरेना

तीर्थरूप मामांना,

भाच्याचा उभ्यानेच नमस्कार. साष्टांग घालायला माझी ना नव्हती, पण दुकानात जमिनीवर सगळीकडे ओल्या रंगाच्या पाट्या वाळत पडल्या आहेत, आणि मी एका दंतवैद्याच्या नावावर आडवा झालो तर मालक मला पुन्हा उभं राहू देणार नाहीत. तुमची तब्येत कशी आहे? मागच्या पत्रात गुडघा फार बोलत होता, आता गप्प झाला का? मामी जिना जपून उतरतात ना? नव्या घरात उजेड चांगला आहे असं तुम्ही लिहिलंत ते वाचून बरं वाटलं. (पत्र मिळालं. पाकिटावर माझ्या एकट्याचंच नाव होतं, ते बाबांनी वाचलं, आणि पाकीट न फोडता माझ्या ताटाशेजारी ठेवलं. मग मी जेवेपर्यंत शेजारीच बसून राहिले.) इकडे आम्ही दोघं ठीक आहोत. ठीक म्हणजे जेवतो, झोपतो, आणि गॅस बंद केला का ते दोघंही वेगवेगळे उठून पाहतो.

पत्र लिहिण्याचं कारण एकच. तुम्ही बाबांना चार ओळी लिहाव्यात आणि त्यांना प्रॉम्प्टरच्या स्टुलावरून गोडीगुलाबीने खाली उतरवावं. हे काम दुसऱ्या कोणाच्याने होणार नाही. आख्ख्या नाट्यमंडळात बाबांना 'उठा' म्हणू शकणारे तुम्ही एकटे, आणि तुम्हीच उठून गेलात. मी एवढं टोकाचं का म्हणतो आहे ते क्रमाने सांगतो, म्हणजे तुम्हाला माझी बाजू नीट कळेल.

तुम्ही गेल्यावर मंडळाला दिग्दर्शक उरला नाही. बैठक भरली. अध्यक्ष म्हणाले (अजून तेच आहेत, पंख्यांच्या दुकानाचे मालक, हॉलमधले पंखे त्यांनी दिलेले असल्यामुळे पंखेही जागचे हलत नाहीत आणि तेही हलत नाहीत), की ज्याचं अक्षर चांगलं त्याला दिग्दर्शक करू, निदान नाटक वाचता तरी येईल. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी शाळा शेवटच्या वर्षी अर्ध्यावर टाकून रंगाच्या डब्यात ब्रश बुडवला हे सर्वांना ठाऊक आहे, तरी कोणी हरकत घेतली नाही, कारण हरकत घेणाऱ्याच्याच गळ्यात काम पडतं हा तुमच्या वेळचा नियम अजून चालू आहे. मामा, पाट्या रंगवणाऱ्याला एक खोड लागते. चुकलेला उकार वरून रंग मारून बुजवता येतो, पण ऊन पडलं की तो खालून दिसतोच. म्हणून मी प्रत्येक गोष्ट दोनदा तपासतो, आणि मग तपासली का ते तपासतो. दिग्दर्शकाला हा गुण काडीच्याही कामाचा नाही, हे मला गळ्यात पडल्यावर कळलं.

विषयही अध्यक्षांनीच दिला. आपल्या गावातून पळून जाऊन सिनेतारका झालेल्या बाईंचं चरित्र. बाई हयात असताना गावाने त्यांची आठवण काढली नाही, पण गेल्यावर त्या नक्की कोणत्या घरात वाढल्या यावरून दोन गल्ल्यांचं बोलणं बंद झालं आहे. अध्यक्षांचं म्हणणं, त्या लहानपणी त्यांच्या दुकानासमोर दोरीवरच्या उड्या मारायच्या. (तेव्हा दुकान नव्हतं. अध्यक्षही नव्हते.) मी माझ्यापरीने केशकर्तनालयातली जुनी सिनेमासिकं घरी आणून अभ्यास केला. एका मासिकातल्या जन्मसालाप्रमाणे बाईंनी पहिला सिनेमा केला तेव्हा त्या पाळण्यात होत्या, आणि दुसऱ्यातल्याप्रमाणे आजी झालेल्या होत्या. मी खूप विचार करून 'कोणे एके साली' असं लिहिलं. बाकी हकिकत चांगली होती. मुलगी तंबूतला सिनेमा पाहते, फिल्मच्या पेट्या नेणाऱ्या ट्रकमध्ये लपून पळून जाते, पहिली भूमिका मिळते ती प्रेताची, त्यात नेमकी शिंकते, आणि दिग्दर्शक म्हणतो की प्रेत जर इतकं जिवंत आहे तर नायिका काय होईल! मग नाव, मग दिवे, मग एका अबोल माणसाशी लग्न, मग हळूहळू कामं थांबणं. शेवटाबद्दल मात्र सगळ्या मासिकांत एकच ओळ आहे. 'दीर्घ आजारानंतर रुग्णालयात निधन.' पुढचं मागचं काही नाही. तेवढा प्रवेश मला मनानेच रचावा लागला, आणि खरं सांगतो, तोच मला सगळ्यात झरझर सुचला. तारका खाटेवर. नवरा उशाशी. खालून वॉचमन ओरडतो, 'मोटार कुणाची? बाजूला घ्या!' नवरा मोटार काढायला खाली जातो, तेवढ्यात तारका 'माझे सिनेमे राहिले, मीच निघाले' असं म्हणून प्राण सोडते, डॉक्टर येऊन 'आम्ही सगळे प्रयत्न केले' म्हणतात, आणि नवरा किल्ली हातात घेऊन दारात उभा राहतो. पडदा. लिहून झाल्यावर मी स्वतःवर इतका खूश झालो की ओळीखाली रेघ मारली.

पात्रयोजना तुम्हाला आवडली असती. तारकेची भूमिका आपल्या शिवणबाईंकडे. त्या आधी नाहीच म्हणत होत्या. "तुझ्या आईची, वहिनींची जागा आहे ती, मी तिथे उभी राहिले तर लोक काय पाहतील? माझ्यात काय नाही ते पाहतील," असं म्हणाल्या. पण तारकेचे कपडे त्यांनीच शिवायचे होते, आणि मापाला दुसरं कोणी न मिळाल्यामुळे त्यांनी ते स्वतःच्याच अंगावर बेतले. मग कपड्यांमागोमाग भूमिकाही त्यांच्याच अंगावर आली. (तालमीतही त्या कोणाचं ना कोणाचं काहीतरी टाचत असतात. पहिल्या अंकातलं प्रेमाचं सगळं बोलणं त्यांनी तोंडात टाचण्या धरून केलं, आणि नायक आपोआप लांब राहिला.) नवऱ्याची भूमिका निवृत्त पोस्टमास्तरांकडे. डॉक्टर म्हणजे औषधांच्या दुकानाचे मालक, कारण पांढरा कोट त्यांचा घरचा आहे. स्टेथोस्कोपही घरचा आहे, पण तो त्यांच्याकडे का आहे ते कोणी विचारत नाही. वॉचमनचा आतून येणारा आवाज आणि दिवे, ही दोन्ही कामं वायरमनकडे.

आता मूळ दुखण्याकडे येतो. आपल्या मंडळात कोणी पाठांतर करत नाही, ही तुमचीच शिकवण. 'पाठ करणारा नट स्वतःचं ऐकतो, कान देणारा नट दुसऱ्याचं ऐकतो,' हे तुमचं वाक्य मी हॉलच्या दारावर रंगवलंसुद्धा आहे. त्यामुळे विंगेत स्टुलावर जो बसतो त्याच्या हातात आख्खं नाटक. आणि स्टुलावर बाबा. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये जन्म गेलेला माणूस, दुसऱ्याच्या कानात हळू बोलण्यात त्यांचा हात कोण धरणार? आवाज सुईत ओवल्यासारखा नटाच्या कानात जातो, पहिल्या रांगेला पत्ता लागत नाही. आई तर म्हणायची की मला कधी प्रॉम्प्टिंग ऐकूच येत नाही, मला फक्त आठवतं. तेव्हा बाबांच्या स्टुलाशेजारी तुम्ही रंगाचा रिकामा डबा उपडा टाकून बसायचात. तो डबा अजून तिथेच आहे. एका तालमीला औषधवाले त्यावर टेकले, तर बाबा एवढंच म्हणाले, "उठा." ते उठले. कुठे बसू, असंही त्यांनी विचारलं नाही.

पहिले दोन अंक सुरळीत बसले. शेवटच्या प्रवेशाची पहिली तालीम. शिवणबाई खाटेवर आडव्या. पोस्टमास्तर उशाशी. वायरमन ओरडला, "मोटार कुणाची?" आता पोस्टमास्तरांनी खाली जायचं. तर ते बसूनच राहिले आणि म्हणाले, "ओरडू दे त्याला." आणि शिवणबाई 'माझे सिनेमे राहिले' म्हणायच्या ऐवजी डोळे उघडून म्हणतात, "अहो, गॅलरीतले कपडे आत घेतले का?" तेवढ्यात औषधवाले ठरल्या वेळी आत शिरले आणि उठून बसलेल्या, चहा मागणाऱ्या बाईसमोर मान खाली घालून म्हणाले, "आम्ही सगळे प्रयत्न केले." मी शिवणबाईंना बोललो, जरा जास्तच बोललो. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. तोंडातून टाचण्या काढून म्हणाल्या, "मी कुठलं मनचं बोलणार रे? कानात आलं ते तोंडातून गेलं." मग मी विंगेत जाऊन पाहिलं. संहितेची पानं बाबांच्या मांडीवर होती, बरोबर त्याच प्रवेशाची. चष्मा मात्र खिशात होता.

त्यानंतर प्रत्येक तालमीला तारका बरी होत गेली. एकदा तिने खिडकीच्या पडद्यांचा रंग ठरवला. एकदा घरी जायला निघाली आणि डॉक्टरांना म्हणाली, इतकी औषधं कशाला देता, माणसाला बोलायलाच तोंड मोकळं राहत नाही. औषधवाल्यांना ते मनाला लागलं. मी हैराण झालो. अध्यक्षांकडे तक्रार नेली तर ते म्हणाले, "जगू दे ना! मेल्यावर लोक घरी जातात, जगल्या तर टाळ्या वाजवून जातील. बाई जगल्याने तुझं काय बिघडतं?" मी म्हटलं, "इतिहास बिघडतो." ते म्हणाले, "तो कुठे आपल्या मंडळाचा सभासद आहे?"

घरी मी बाबांना विचारलं. ते भांडी घासत होते. (हल्ली भांडी ते घासतात, मी पुसतो. आमच्या बोलण्याचा सगळा वेळ तेवढाच.) म्हटलं, "बाबा, तुम्ही वेगळंच का सांगता?" म्हणाले, "वाचलं ते सांगितलं." म्हटलं, "तसं लिहिलेलं नाही. ती मरते." म्हणाले, "तिला काय धाड भरली मरायला? बरी होतेय चांगली." मी म्हटलं, "मासिकात आहे." तर नळाखाली हात तसाच धरून म्हणाले, "मासिकवाले होते का तिथे?" आणि मग आणखी काहीतरी पुटपुटले. 'मी तरी कुठे होतो' असं मला वाटलं, पण नळ चालू होता, खात्री देता येत नाही. नक्की ऐकलेलं नसेल ते मी लिहीत नाही, पण हे लिहिलं.

उपाय म्हणून मी एका तालमीला स्टुलावर औषधवाल्यांना बसवलं. बाबा उतरले आणि हॉलमध्ये अगदी मागच्या रांगेत, हात गुडघ्यांवर ठेवून, चुकीच्या गाडीत बसलेल्या उतारूसारखे बसले. औषधवाल्यांनी संहिता बाटलीवरचं लेबल वाचावं तशी सगळीच्या सगळी वाचली, कंसासकट. शिवणबाईंनी प्रामाणिकपणे सांगितलं, "कण्हते. रडत रडत पाणी पिते. ग्लास खाली ठेवते." पोस्टमास्तर म्हणाले, "डावीकडून जातो." आणि गेले, ते थेट घरी गेले. दुसऱ्या दिवशी मी स्वतःच जाऊन बाबांना म्हटलं, बसा. ते बसले. डब्यावरची धूळ हाताने झटकली आणि पानं मांडीवर घेतली.

मामा, मी तोवर इतिहासाच्याच काळजीत होतो. मग एक दिवस रुग्णालयातल्या प्रवेशाचा गाऊन शिवणबाई बेतत होत्या आणि मी माप धरून उभा होतो. त्या सहज म्हणाल्या, "ही खोली कुठून आणलीस रे तू? हिरवा पडदा, एक पाय आखूड असलेलं टेबल, खालून ओरडणारा वॉचमन. ही आपल्या वहिनींचीच खोली की." मी म्हटलं, नाही हो, मी मनानेच रचली. त्या टाचणी लावत राहिल्या. मी घरी येऊन पानं काढली. खोली आईचीच होती. मी आयुष्यात दुसरी कुठली रुग्णालयाची खोली पाहिलीच नाही, तर आणणार कुठून? आई गेली त्या दिवशी मी हाताला रंग तसाच घेऊन धावत आलो तेव्हा सगळं आटोपलं होतं, आणि बाबा दारात स्कूटरची किल्ली हातात घेऊन उभे होते. तीच किल्ली मी तारकेच्या नवऱ्याच्या हातात दिली, वर मोटारीची म्हणून लिहिली. पाटीवर दुसऱ्याचं नाव काढायला बसावं आणि ब्रशने घरचंच नाव काढावं, तसं झालं. आणि ते मी बाबांच्या मांडीवर ठेवून म्हणत होतो, वाचा, नीट वाचा, जसं आहे तसं वाचा.

हे कळल्यावर मी प्रवेश बदलायला हवा होता. पण पत्रिका छापून झाल्या होत्या, त्यात 'हृदयद्रावक शेवट' असे शब्द होते (दोनदा तपासलेले), आणि बदलून काय लिहायचं तेही मला सुचेना. तसाच प्रयोग आला.

हॉल भरला. अध्यक्षांनी भाषणात तारकेपेक्षा पंख्यांबद्दल जास्त सांगितलं. पहिल्या अंकात प्रेताची शिंक इतकी छान झाली की मागून कोणीतरी 'सांभाळा' म्हणालं. दुसऱ्या अंकात पोस्टमास्तरांनी लग्नाचा हार चुकून स्वतःलाच घातला. लोक हसत होते, मी घामाने निथळत होतो, आणि शेवटचा प्रवेश सुरू झाला. मी बाबांच्या समोरच्या विंगेत औषधवाल्यांबरोबर उभा होतो. वायरमन ओरडला, "मोटार कुणाची? बाजूला घ्या!" पोस्टमास्तर उठले नाहीत. शांतपणे म्हणाले, "स्कूटर आहे ती. राहू दे तिथेच. ज्याला अडचण त्याने उचलून ठेवावी." लोक खदखदून हसले. पहिल्या रांगेतून अध्यक्ष मोठ्याने म्हणाले, "स्कूटर? तारकेच्या नवऱ्याची?" आणि मला समोरच्या विंगेतल्या अंधारात बाबांचे ओठ हलताना दिसले.

मग ते दोघं बोलत राहिले. नवऱ्याने विचारलं, हिवाळी कपड्यांच्या पेटीची किल्ली कुठे ठेवलीस? ती म्हणाली, आरशाच्या मागे, खिळ्याला. (आम्ही ती पेटी अजून उघडू शकलेलो नाही. आरशाच्या मागे मी दुसऱ्या दिवशी पाहिलं. तिथे नाही.) त्याने विचारलं, भाजी करपू नये म्हणून काय करतेस? ती म्हणाली, तिच्याजवळ उभी राहते, दुसरं काय. लोक आधी हसत होते, मग कधी हसायचे थांबले ते कळलं नाही. औषधवाले कोट सावरून निघाले. मी म्हटलं, थांबा. म्हणाले, "अरे, माझ्या एन्ट्रीची वेळ केव्हाच झाली." मी मागून त्यांचा कोट धरला. एवढ्यात नवऱ्याने विचारलं, "पोरगा गप्प गप्प असतो, त्याचं काय करू?" आणि ती म्हणाली, "काही करायचं नाही. जेवायला वाढायचं आणि शेजारी बसायचं. बोलेल तो त्याच्या वेळेला."

तारकेला मूल नव्हतं, मामा. सगळ्या मासिकांचं त्यावर एकमत आहे.

"सोड की, बाई मरणार कधी?" असं औषधवाले कुजबुजत होते आणि मी दोन्ही हातांनी कोट धरून उभा होतो. खिसा उसवला, तरी सोडला नाही. मी, ज्याने इतके दिवस बाईंच्या मरणासाठी जिवाचं रान केलं, तोच मी आता डॉक्टरांना आत जाऊ देत नव्हतो. मला वाटलं, हा प्रवेश असाच चालू राहावा. लोकांनी हवं तर घरी जावं.

पण विंगेतून येणारं बोलणं थांबलं. समोर बाबांचे ओठ मिटलेले. पोस्टमास्तर कान देऊन बसले आहेत, शिवणबाई कान देऊन पडल्या आहेत, आणि काही येत नाही. हॉलमध्ये फक्त पंखे. कानात आल्याशिवाय एक अक्षर न बोलणाऱ्या शिवणबाईंनी मग मान वळवली, पोस्टमास्तरांकडे नाही, सरळ विंगेकडे, आणि स्वतःच्या मनाने म्हणाल्या, "अहो, पुरे आता. तुम्ही जेवून घ्या."

आणि बाबा म्हणाले, "हो."

हळू नाही. घरात म्हणतात तसं. आख्ख्या हॉलला ऐकू गेलं. इतक्या वर्षांत लोकांनी त्यांचा आवाज पहिल्यांदाच ऐकला असेल. वायरमनला कोणी खूण केली नव्हती, तरी त्याने दिवे घालवले.

टाळ्या जरा थांबून आल्या. नंतर अध्यक्ष मला बाजूला घेऊन म्हणाले, सगळं छान, पण बाई शेवटी गेल्या की राहिल्या? गावात यावरून आता आणखी दोन गल्ल्या बोलत नाहीत. औषधवाल्यांचं एकुलतं एक वाक्य राहून गेलं, त्यामुळे ते दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला खोकल्याची बाटली देताना गंभीर चेहऱ्याने 'आम्ही सगळे प्रयत्न केले' असं म्हणतात. दोन गिऱ्हाइकं दुसऱ्या दुकानात गेली.

तर अशी हकिकत. शेजारच्या गावच्या वाचनालयाने प्रयोग मागितला आहे आणि आधी संहिता पाठवा असं कळवलं आहे. माणसं शिकलेली दिसतात, जसं लिहिलं तसंच झालं पाहिजे म्हणतील. म्हणून विनंती की आपण बाबांना समजावून स्टुलावरून उतरवावं. मामींना नमस्कार सांगावा. जिना आणि गुडघा, दोघांनाही जपावं. चूकभूल पाहिली आहे, तरी राहिली असल्यास मनात दुरुस्त करून घ्यावी.

तुमचा,
भाचा

ता. क. पत्र पुन्हा वाचून पाहिलं. शुद्धलेखन ठीक आहे, मागणी चुकली आहे. बाबांना काही लिहू नका. त्यांना उतरवायचं नाही.

ता. क. आणखी. वाचनालयासाठी मी तो प्रवेश उतरवून घ्यायला गेलो, तर शिवणबाईंना त्यातलं काही आठवत नाही, पोस्टमास्तरांना फक्त स्कूटर आठवते. शेवटी बाबांनाच विचारलं, की तुम्ही मध्येच का थांबलात? भांडी झाली होती, नळ बंद होता, त्यामुळे हे मी नक्की ऐकलं. म्हणाले, "तिचं पुढचं मला येत नाही." मामा, तुम्हाला येत असेल. खोलीत तुम्ही होतात. वॉचमन ओरडला तेव्हा 'भाऊजी, तुम्ही जा, मी आहे इथे' असं तुम्ही म्हणालात, हे मला बाबांनी कधी सांगितलं नाही. जेवणाचा डबा घेऊन आलेल्या शिवणबाई तेव्हा बाहेर बाकावर होत्या, त्यांनी परवा सांगितलं. स्कूटर खरोखरच वाटेत होती. रुग्णवाहिका अडली होती, कोणाचंतरी माणूस तिच्यात होतं. स्कूटर काढायलाच हवी होती, त्यापायी तुम्ही गाव सोडून जायला नको होतं. बाबाही असंच म्हणतील, पण तुम्ही त्यांच्यासमोर असल्याशिवाय कसे म्हणणार? तेव्हा आई शेवटी काय म्हणाली, ते मला लिहून पाठवा. एक ओळ असली तरी चालेल. आणि ती काहीच म्हणाली नसेल, तर तुम्ही लिहा. तिच्या तोंडी काय शोभतं ते तुमच्याइतकं कोणाला कळतं? मी माझ्या अक्षरात उतरवून बाबांच्या मांडीवर ठेवीन. ते ओळखतील, पण विचारणार नाहीत. आणि चष्मा लावतील, असं मला वाटतं.

ता. क. शेवटचं. पाकीट चिकटवणार तेवढ्यात बाबा आले आणि कोणाला पत्र म्हणून विचारलं. मी खरं ते सांगितलं. ते उभे राहिले, मग म्हणाले, "यायला सांग त्याला. आणि डबा फार बुटका आहे, त्याचा गुडघा दुखतो. खाली विटा लाव." गुडघ्याचं तुम्ही फक्त माझ्या पत्रात लिहिलं होतं. विटा लावल्या आहेत. मी बसून पाहिलं, डबा हलत नाही.